नदी आधी विहिरीत आटते

औंढा नागनाथच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाला दोन वाटा आहेत. उत्तरेच्या उताराला लागलेलं पाणी कयाधूतून पैनगंगेला जातं, दक्षिणेकडचं पूर्णेला. पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणं आहेत. सिद्धेश्वर तर याच तालुक्यात. कयाधूचा भरवसा मात्र पावसावर आणि जमिनीत मुरलेल्या पाण्यावर. दिवाळी सरली की तिला मिळणारे ओढे तुटायला लागतात. उन्हाळ्याच्या तोंडावर ठिकठिकाणी नुसती डबकी उरतात.

पाऊस गेल्यावर नदी वाहते ती भूजलावर. दक्षिण इंग्लंडमध्ये टेस्ट, इचेन अशा नद्या बारमाही आणि नितळ वाहतात, कारण त्यांच्याखाली खडूचा जाड, सच्छिद्र थर आहे. हिवाळ्यातला पाऊस त्यात मुरतो आणि झऱ्यांतून वर्षभर सावकाश बाहेर येतो. तिथेही शहरांसाठी जमिनीतून बेसुमार उपसा झाला, तेव्हा काही नद्यांचे उगमाकडचे भाग कोरडे पडले.

आपल्याकडे तर मुळात साठाच तुटपुंजा. कुठल्याही विहिरीत डोकावलं की ते दिसतं: वर काळी माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या, आणि तळाशी काळा पाषाण. पाणी धरतात ते मधले दोन थर. पाषाणात फटी असतील तेवढंच. मांजऱ्या आणि पाषाणाच्या सांध्यातून पाझरणारी बारीक धार म्हणजे ओढ्याच्याच वाट्याचं पाणी. विहिरीची पातळी ओढ्याच्या तळाखाली गेली की ओढा तुटतो.

जिल्ह्यात खरिपाला सोयाबीन, कापूस, तूर. सोयाबीन निघालं की हरभऱ्या-गव्हासाठी मोटारी सुरू होतात आणि तेव्हाच हळदही पाणी मागत असते. हळदीनं इथल्या घरांत पैसा आणला; वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ती सोडा, असं शेतकऱ्याला सांगणं अन्यायाचं आहे. पण एकाच थरातून किती विहिरी, किती बोअर आणि किती आडवे बोअर पाणी ओढणार, याचा हिशेब गावानं मांडायलाच हवा.

नाला खोलीकरणाचा मोह आवरावा, असं मला ठामपणे वाटतं. मुरुमाखाली पोकलेन घातला की मुरलेलं पाणी उलट लवकर निथळून जातं. माथ्यावरचं गवत राखणं, उतारावर समतल चर आणि बांध घालणं, ही कामं फोटोत भव्य दिसत नाहीत, पण पाणी त्यांनीच मुरतं. उपशाचं बंधनही कायद्यात आहेच: महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल अधिनियमानं शेती आणि उद्योगासाठी 60 मीटर किंवा त्याहून खोल विहीर घ्यायला मनाई केली आहे. कयाधूच्या खोऱ्यात बोअरची गाडी येते, तेव्हा ही मर्यादा ग्रामसभेनं विचारली पाहिजे.