घर पाहून कुत्रा पाहावा

घर बांधावयाचे झाले तर आपण वर्ष वर्ष विचार करतो. मुलीसाठी स्थळ पाहावयाचे तर चार ठिकाणी चौकशी करतो. शेतकरी गाय विकत घेतो तेव्हा तिची कास पाहतो, दात पाहतो, दोन वेळचे दूध समोर काढून घेतो आणि मगच इसार देतो. पण जो प्राणी पुढची दहा-बारा वर्षे आपल्या उंबरठ्यावर राहावयाचा, आपल्या मुलांबरोबर वाढावयाचा, तो कुत्रा मात्र बहुधा एखाद्या संध्याकाळी, कुणाच्या तरी सांगण्यावरून किंवा एखाद्या चित्रावर भाळून घरी येतो. सहा महिन्यांनी पिल्लाचा कुत्रा होतो, घर अपुरे पडू लागते, शेजारी तक्रार करतात, आणि मग ज्याने काहीच ठरविलेले नसते त्या मुक्या जिवाला त्या निवडीची शिक्षा भोगावी लागते. कोणी त्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवतो, तर कोणी गाडीत घालून गावाबाहेर सोडून येतो.

हुबळी-धारवाड रस्त्यावरचे उणकल हे गाव या प्रश्नाचा विचार करावयास सोयीचे आहे. येथे चंद्रमौळेश्वराचे चालुक्यकालीन देवालय आहे, जवळच मोठा तलाव आहे आणि देवळाच्या आसपास जुन्या गावाची दाट वस्ती आहे. आता हुबळी शहर या गावाला पुरते भिडले आहे. अंगणाची जुनी घरे, कुंपणाचे बंगले, जिन्यांच्या इमारतींतील दोन खोल्यांचे संसार आणि थोडे पुढे गेले की शेतातली वस्ती, असे सर्व तऱ्हेचे निवास येथे दोन-चार मैलांत सापडतात. ‘सर्वांत चांगला कुत्रा कोणता?’ असे येथे कोणी विचारले, तर त्याला एक उत्तर देता येणार नाही. कोणत्या घरासाठी, हे आधी सांगावे लागेल.

कुत्र्याची जात म्हणजे त्याचा रंग नव्हे, शेपटीचा झुबकाही नव्हे. जात म्हणजे पिढ्यान् पिढ्या त्याच्याकडून करून घेतलेले काम. ज्या कुत्र्यांनी ते काम चांगले केले त्यांचीच पैदास माणसाने पुढे चालविली. त्यामुळे ते काम त्यांच्या रक्तात उतरले. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट नीट ठाऊक होती. दत्तात्रेयाच्या पायाशी कुत्रे आहेत, खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावतो, आणि तोच देव कर्नाटकात मैलारलिंग म्हणून पूजिला जातो तेव्हाही कुत्र्याचे स्थान सुटत नाही. मंड्या जिल्ह्यातील आतकूर येथे सापडलेला, इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा एक शिलालेख बंगळूरच्या वस्तुसंग्रहालयात आहे. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण आणि गंग राजा बूतुग यांच्या काळातला हा लेख. मणलेर नावाच्या वीराने स्वामीकडून बक्षीस म्हणून ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे त्या कुत्र्याची एका मोठ्या रानडुकराशी झुंज झाली आणि दोघेही मेले. त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ दगड उभारला गेला आणि जमीन दान दिली गेली. कुत्र्याच्या रूपाचे कौतुक करण्यासाठी हा दगड उभारलेला नाही. त्याने केलेल्या कामाचा तो गौरव आहे.

याच भूमीतला आजचा प्रसिद्ध कुत्रा म्हणजे मुधोळ. उणकलच्या उत्तरेस, बागलकोट जिल्ह्यात, घटप्रभेच्या काठी मुधोळ हे गाव आहे. तेथे घोरपडे घराण्याचे मराठी संस्थान होते. ते १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थानाधिपती मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या शिकारी जमातींजवळचे चपळ कुत्रे पाहिले, त्यांतले निवडक कुत्रे पाळून त्यांची पैदास करविली आणि इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना त्यांची एक जोडी भेट दिली, असा त्याचा इतिहास सांगितला जातो. महाराष्ट्रात हाच कुत्रा ‘कारवान’ म्हणून ओळखला जातो, आणि ज्याच्या कानांवर व पायांवर रेशमासारखे लांब केस असतात त्याला ‘पश्मी’ म्हणतात. २००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत मुधोळचे एक होते. २०१६ साली मीरतच्या लष्करी श्वानकेंद्राने त्याची काही पिल्ले शिक्षणासाठी नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात देशी जातींची नावे घेतली, त्यांतही मुधोळचे नाव होते. मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीच्या संशोधनाचे केंद्रही आहे.

एवढी कीर्ती आणि जन्मस्थान इतके जवळचे, तेव्हा उणकलच्या प्रत्येक घरात मुधोळच असावा असे एखाद्यास वाटेल. येथेच थांबून विचार केला पाहिजे. हा कुत्रा खांद्यापाशी सुमारे सव्वादोन फूट उंच असतो. डोके लांब व निमुळते, छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब. ही घडण पळण्यासाठी आहे. तो वासापेक्षा नजरेने शिकार करणारा आहे. दूरवर काही हालले की डोळा तेथे खिळतो, आणि पुढच्या क्षणी तो धावत सुटलेला असतो. मग मालकाची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. समोर ससा आहे, शेजाऱ्याचे मांजर आहे की कोंबडी आहे, हा भेद त्याला शिकवावा लागतो, आणि तो नेहमीच पक्का बसतो असे नाही. कमरेएवढी भिंत त्याला अडवू शकत नाही. परक्या माणसाने अंगावरून हात फिरविलेला त्याला सहसा रुचत नाही. घरच्या एक-दोन माणसांवर मात्र त्याचा फार जीव असतो. अंगावर चरबी थोडी आणि केस आखूड, म्हणून पावसाळी गारठ्यात त्याला कोरडी, उबदार जागा लागते.

हे सारे ध्यानात घेतले म्हणजे उत्तर आपोआप मिळते. शेतावर राहणारे कुटुंब, चार-पाच एकरांचे उघडे रान, सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला मनसोक्त पळू देणारा एखादा तरुण मुलगा, एवढे असेल तर मुधोळासारखा सोबती नाही. आपल्या हवेत तो मुरलेला आहे, त्याला उन्हाचे फारसे भय नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, दिवसभर कुलूप लावून ठेवलेला मुधोळ हा अपराधावाचून कैदी झालेला प्राणी होय. अशा घरी तो पायपोस फाडतो, दार ओरबाडतो, रात्री रडतो. आणि लोक म्हणतात, देशी कुत्रा वांड असतो! वास्तविक तो वांड नसतो. त्याला त्याचे काम मिळालेले नसते.

हीच कसोटी परदेशी जातींना लावून पाहावी. अल्सेशियन, म्हणजे जर्मन शेफर्ड, हा मुळात मेंढपाळाचा कुत्रा. १८९९ पासून जर्मनीत त्याची पद्धतशीर जोपासना झाली. कळपावर नजर ठेवणे आणि हुकूम ऐकणे हे त्याचे काम. बंगल्याच्या राखणीस तो उत्तम, पण रोज अर्धा-पाऊण तास शिकवणारा मालक नसेल तर त्याची हुशारी उपद्रव होऊन बसते. लॅब्रेडॉर हा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा, पाण्यातून वस्तू उचलून आणणारा कुत्रा. स्वभावाने गोड, मुलांत रमणारा. परंतु भूक न संपणारी. या जातीतील बऱ्याच कुत्र्यांच्या भुकेमागे आनुवंशिक कारण असल्याचे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले. तेव्हा पाहुण्यांच्या ताटातला प्रत्येक घास त्याला भरविणाऱ्या घरी तो लठ्ठ होऊन सांध्यांच्या दुखण्याने बसणार, हे ठरलेले. डॅशहुंड हा बुटका, लांब पाठीचा कुत्रा बिळात शिरून शिकार करण्यासाठी घडविला गेला. थोड्या जागेत तो मावतो खरा, पण रोज जिने चढउतार केल्याने त्याच्या लांब पाठीचा मणका दुखावण्याची भीती असते. आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून मिळणारा पांढरा केसाळ कुत्रा बहुधा भारतीय स्पिट्झ असतो. तो लहान घराला मानवतो, दारावरची चाहूल नेमकी सांगतो. मात्र ती चाहूल तो शेजाऱ्यांनाही सांगतो. भिंतीला भिंत लागून घर असेल तर त्याचे भुंकणे लहानपणापासून आवरावे लागते.

हवेचा विचार तर आपल्याकडे फारच थोडे लोक करतात. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो अंगातील उष्णता बाहेर काढतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला हे नीट साधत नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी त्याला फिरावयास नेले तर प्राणाशी गाठ पडते. २००३ च्या सुमारास दूरध्वनीच्या एका जाहिरातीत पग झळकला आणि गावोगावी त्याची मागणी झाली. त्याच्या नाकाची चौकशी थोड्यांनीच केली. सैबेरियाचा हस्की, आल्प्सच्या बर्फातला सेंट बर्नार्ड यांना हुबळीच्या उन्हाळ्यात ठेवणे म्हणजे आपण स्वतः मे महिन्यात घोंगडी पांघरून बसण्यासारखे आहे. वाताहत यंत्रांनी थंड केलेल्या खोलीचा उपाय कोणी सांगतील. पण वीज गेली म्हणजे काय, हेही त्यांनी सांगावे.

मग लहान घराने, मध्यम मिळकतीच्या कुटुंबाने कोणता कुत्रा पाळावा? ज्याचे नाव घेण्यास लोक संकोचतात तो आपला गावठी कुत्रा. हजारो वर्षे या हवेत, या अन्नावर तो टिकला आहे. एका विशिष्ट कामासाठी माणसाने त्याची घडण ताणलेली नाही, म्हणून ठरावीक जातींना जडणारे पुष्कळसे आनुवंशिक रोग त्याला कमी होतात. तो मध्यम बांध्याचा, सावध, चटकन शिकणारा असतो. रस्त्यावरचे एखादे निरोगी पिल्लू पशुवैद्याला दाखवून, लस टोचून, वेळेवर शस्त्रक्रिया करवून घरात घेतले, तर एक कुत्रा घरी येतो आणि रस्त्यावरचा एक कमी होतो. प्रतिष्ठेसाठी कुत्रा पाळणाऱ्यांना हे पटणार नाही. सोबतीसाठी पाळणाऱ्यांनी मात्र अवश्य विचार करावा.

जात कोणतीही असो, घरातील सर्वांनी एकत्र बसून काही प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सातला याला बाहेर कोण नेणार? केवळ उन्हाळ्याच्या सुटीत नव्हे, आषाढातल्या पावसातही? घर दिवसाकाठी किती तास बंद असते? तान्हे मूल किंवा काठी टेकून चालणारे आजोबा घरात आहेत काय? असल्यास अंगावर झेप घेणारा थोराड कुत्रा नको. गावी जाताना तो कोणाकडे राहणार? त्याचे अन्न, लसी आणि आजारपण यांचा खर्च दर महिन्याला झेपेल काय? घर भाड्याचे असेल तर मालकाची संमती आहे काय? यांतील दोन प्रश्नांना जरी घरात मौन पडले, तरी या वर्षी कुत्रा आणू नये. न आणणे हीदेखील प्राण्यावरची दयाच आहे.

निर्णय झाल्यावर पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. शक्य तर आई पाहावी. ती भित्री किंवा चिडखोर असेल तर पिल्लू कितीही गोजिरवाणे दिसो, परत फिरावे. पहिल्या तीन-चार महिन्यांत माणसे, मुले, वाहनांचे आवाज यांची ओळख त्याला हळूहळू करून द्यावी. या वयात जे परके राहते त्याचे भय पुढे जन्मभर राहते. पशुवैद्याच्या सल्ल्याने सहा ते आठ आठवड्यांपासून इतर रोगांच्या लसी आणि तीन महिन्यांच्या सुमारास पिसाळ रोगाची लस द्यावी, व ती पुढे नियमाने देत जावे. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस काय किंवा कुत्रा काय, वाचणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून आपल्या किंवा परक्या कुत्र्याचा दात लागला, तर हळद, चुना, मिरची यांच्या नादी न लागता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ही एक गोष्ट घरातील लहान मुलालाही पाठ असली पाहिजे.

आज पहिलीत असलेले आपले मूल महाविद्यालयात जाईल तोवर हा कुत्रा घरात असेल. तो म्हातारा होईल, त्याला कमी दिसू लागेल, जिना चढवणार नाही. त्या दिवसांतही तो आपलाच असतो. इतक्या दीर्घ सोबतीची निवड चित्र पाहून किंवा शेजाऱ्याशी चढाओढ म्हणून करू नये. आधी आपले अंगण मोजावे, आपला दिवस मोजावा, मग त्यात सुखाने राहील असा कुत्रा शोधावा. मुधोळाला रान मिळाले, स्पिट्झला गॅलरी मिळाली आणि गावठी पिल्लाला उंबरठा मिळाला, म्हणजे माणूस आणि कुत्रा दोघेही निश्चिंत राहतील.