एक कंपनी, दोन जकाती

टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरना घेतली. कारभार इंग्लंडमधूनच चालू ठेवला, मुंबईहून ऊठसूट ढवळाढवळ केली नाही. शहाणपणच ते. पण आता घडी विस्कटते ती सरहद्दीवर. रेंज रोव्हर तयार होते इंग्लंडमधल्या सॉलिहलला, डिफेंडर स्लोव्हाकियातल्या नित्राला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयात मोटारींवर २५ टक्के जादा शुल्क लावताच कंपनीने तिकडची निर्यात काही काळ थांबवली. पुढे करार झाले : ब्रिटिश गाड्यांना १० टक्के, युरोपीय संघातल्या गाड्यांना १५. मालक एक, शोरूम एक, दर दोन! शिवाय १० टक्क्यांची सवलत वर्षाला १ लाख गाड्यांपुरतीच, आणि तीही सगळ्या ब्रिटिश कारखान्यांत मिळून.