गाणं कुणाचं लावायचं?

या आठवड्यात फोनच्या व्हिडिओत ट्यूबलाइटमुळे दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांवर लिहिणार होतो. तो विषय थोडा थांबू दे. कोळवण खोऱ्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे आणि त्यांचा प्रश्न इतका मुळातला आहे, की तो बाजूला सारून दिव्यांकडे वळावंसं वाटत नाही.

त्यांचं बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. मुलाने फोनवर चाळीस सेकंदांची जाहिरात केली. मी ती पाहिली, चांगली आहे. बांधावरून येणारा शेतकरी, दुकानाची पायरी, काउंटरवर ठेवलेली बियाण्याची पिशवी, आणि शेवटी मालक स्वतः दोन वाक्यं बोलतात. खाली मात्र एक गाजलेलं चित्रपटगीत लावलं होतं. व्हिडिओ चढवल्यावर थोड्याच वेळात ॲपने त्याचा आवाज काढून टाकला. गाण्याबरोबर मालकांचं बोलणंही गेलं. आता ते विचारतात, "तीस सेकंदांच्या आत गाणं घेतलं तर चालतं, असं सगळे सांगतात. मग पंचवीसच सेकंद घेऊ का?"

घेऊ नका. तीस सेकंदांची सवलत १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कुठेही नाही. दहा सेकंदांचीही नाही. कायद्यात काही अपवाद आहेत. खासगी अभ्यास, समीक्षा, बातमी यांना मोकळीक आहे. धार्मिक विधीत आणि लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यालाही आहे. दुकानाची जाहिरात यातल्या कशातच बसत नाही, कारण ती धंद्यासाठी केलेली असते. ॲपच्या यादीत गाणी दिसतात ती मुख्यतः लोकांनी आपल्या घरच्या, हौसेच्या व्हिडिओला लावावीत म्हणून. धंद्याच्या खात्याला बहुतेक वेळा निराळा, हक्कमुक्त संगीताचा साठा मिळतो. तो चुकवण्यासाठी बरेच दुकानदार खातं 'वैयक्तिक' करून घेतात. त्याने यादी मोठी दिसते, पण परवानगी मिळत नाही.

"मग जुनं गाणं लावतो," हा दुसरा उपाय मला पौडपासून भूगावपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. इथे जरा सावकाश जायला हवं, कारण एका गाण्यात तीन निरनिराळे हक्क असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, आणि ध्वनिमुद्रण ते करून घेणाऱ्या कंपनीचं. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं चालतो आणि मोजणी पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून होते. म्हणजे १९६० साली निघालेली तबकडी २०२०च्या अखेरीस मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क त्या माणसाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झालं. ते आपल्याला फार जुनं वाटतं. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७च्या अखेरपर्यंत आहे. सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०६२पर्यंत. आजच्या दुकानदाराचा नातू गल्ल्यावर बसेल तोवर ती चाल मोकळी होणार नाही.

तुकोबांचं काय? तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत. पण भीमसेन जोशींनी गायलेला अभंग लावला, तर ते ध्वनिमुद्रण कुणाच्या तरी मालकीचं आहे आणि त्यातल्या कित्येक अभंगांची चाल श्रीनिवास खळ्यांची आहे. खळे २०११ साली गेले. याउलट तुमच्या गावच्या भजनी मंडळाने तोच अभंग पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या चालीत गायला आणि मंडळाने तुम्हाला लेखी होकार दिला, तर तुमच्या आड कुणी येणार नाही. आपल्या मुळशी तालुक्यात भजनी मंडळ नाही असं गाव शोधावं लागेल. तरी पाचशे पावलांवरचं मंडळ सोडून आपण मुंबईच्या स्टुडिओतलं गाणं उचलतो.

इथपर्यंत कायदा झाला. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. उद्या सगळी गाणी फुकट झाली, तरी मी छोट्या दुकानाच्या जाहिरातीला गाजलेलं गाणं लावू देणार नाही. गाजलेलं गाणं स्वतःच्या आठवणी घेऊन येतं. बघणाऱ्याला तो चित्रपट आठवतो, नायिका आठवते, स्वतःचं कॉलेज आठवतं, आणि तुमचं दुकान त्या गर्दीत मागे राहतं. १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन केंद्रांवर. त्या काळापासूनच्या ज्या जाहिराती अजून लोकांच्या तोंडी आहेत, विकोची धून घ्या, त्यांची गाणी त्या मालासाठीच बांधलेली होती. ती ऐकली की दुसरं काही आठवूच शकत नव्हतं. प्रभात फिल्म कंपनीचं उदाहरण तर आपल्या घराजवळचं. पौड फाट्यापासून जवळच, लॉ कॉलेज रस्त्यावर, आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे १९३३पासून प्रभातचा स्टुडिओ होता. पडद्यावर तुतारी फुंकणारी स्त्री आली, तुतारीचे ते काही सूर वाजले, की चित्रपटाचं नाव येण्याआधीच प्रेक्षकाला कळायचं कुणाचा सिनेमा आहे ते. काही सेकंदांचा, दुसऱ्या कुणाचा नसलेला आवाज. छोट्या दुकानाला हवा आहे तो असाच.

आणि तो आवाज मुळशीत शोधायला लांब जावं लागत नाही. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्यातल्या आपल्या संस्थेतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मावळ-मुळशीच्या डोंगरातल्या बायांबरोबर संघटनेचं काम करता करता हे काम उभं राहिलं आणि नंतर राज्यभर पसरलं. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल या संगीत-संशोधकाच्या साथीने त्यांतल्या हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं. आता हा साठा पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, म्हणजे पारीच्या संकेतस्थळावर २०१७पासून प्रसिद्ध होत आहे. त्यात आपल्या तालुक्यातल्या कोळावडे, नांदगाव अशा गावांतल्या बाया गाताना ऐकू येतात. मुळशीत राहणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा ऐकावं असं मला मनापासून वाटतं. ते ध्वनिमुद्रण उचलून जाहिरातीला लावायचं मात्र नाही. ते त्या बायांचं आणि त्या संग्रहाचं आहे. पण त्या ओव्या जिथून आल्या, ती घरं अजून इथेच आहेत.

हे मी पौड रस्त्यावरच्या एका तांदळाच्या दुकानात, ते चालवणाऱ्या वहिनींना सांगत होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या आत्याबाई हातात सूप घेतलं की गातातच. पण ते जाहिरातीत कोण ऐकणार?" मी म्हटलं, जो तांदूळ घ्यायला येतो, तोच ऐकेल. इंद्रायणी आता मॉलमध्येही मिळतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला हा वाण एवढा पसरला, की नुसतं 'इंद्रायणी तांदूळ' म्हणून कुणाचं वेगळेपण राहत नाही. नव्या तांदळाचा वास व्हिडिओतून जात नाही. सुपातल्या तांदळाचा आवाज आणि त्यावर एका म्हातारीची ओवी जाते. आत्याबाईंना आधी नीट सांगायचं की हे कुठे जाणार आहे आणि कोण बघणार आहे. त्यांची खुशी असेल तरच घ्यायचं आणि पडद्यावर त्यांचं नाव लिहायचं. गाणाऱ्याचाही कायद्याने हक्क असतो. घरातली बाई आहे म्हणून तो कमी होत नाही.

आता हे रेकॉर्ड कसं करायचं? फोनचा माइक बहुतेक वेळा खालच्या कडेला असतो. व्हिडिओ घेणारा फोन चार पावलांवर उभा आणि बोलणारा काउंटरमागे, अशी जी नेहमीची मांडणी असते, तिथेच सगळं बिघडतं. अंतर दुप्पट झालं की बोलण्याचा आवाज सहा डेसिबलने पडतो. पंख्याचा, रस्त्याचा, पत्र्यावरच्या पावसाचा आवाज मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून दुसरा फोन घ्या, त्यावर नुसतं ध्वनिमुद्रण सुरू करा आणि तो मालकाच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात उलटा ठेवा, म्हणजे माइक तोंडाच्या बाजूला येईल. दोन्ही फोन चालू झाले की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. नंतर चित्रातली टाळी आणि आवाजातली टाळी एकमेकांवर बसवली की दोन्ही जुळतात. शूटिंगच्या पाटीचा तो 'खट्' आवाज याच कामासाठी असतो.

फ्रिज बंद करा. दुकानातला डीप फ्रीझर सतत गुरगुरत असतो. आपल्या कानाला त्याची सवय झालेली असते, माइकला नसते. बंद करताना मोटरसायकलची किल्ली त्या फ्रीझरमध्ये ठेवा. शूटिंगवाल्यांची ही जुनी युक्ती आहे, घरी निघताना किल्ली शोधाल आणि फ्रीझर पुन्हा चालू केल्याशिवाय जाणार नाही. आइस्क्रीम वाचेल.

किराणा आणि तांदळाच्या दुकानांना एक देणगी आहे, ती त्यांना ठाऊक नसते. भरलेली पोती आवाज शोषून घेतात. पोत्यांच्या थप्प्यांमध्ये उभं राहून बोललं, तर महागड्या स्टुडिओतल्यासारखा कोरडा, स्वच्छ आवाज मिळतो. भांड्यांची, फरशांची, मोबाइलची दुकानं मात्र घुमतात. काच, स्टील आणि गुळगुळीत टाइल यांवरून आवाज आपटून परत येतो. तिथे कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूला गोधड्या टांगा. चित्रात त्या दिसत नाहीत, आवाजातला फरक मात्र लगेच ऐकू येतो.

आणि पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ताम्हिणीच्या या अंगाला पत्र्याच्या दुकानात संवाद रेकॉर्ड करण्याच्या फंदात पडू नका. पत्र्यावरचा पाऊस खालच्या सुरांपासून वरच्या सुरांपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. तो काढायला गेलं की माणसाचा आवाजही खरवडला जातो. सर थांबली की बोलणं बंद गाडीत बसून घ्या. काचा वर, इंजिन बंद, आणि गाडी झाडाखाली नको, कारण पाऊस थांबल्यावरही तिथे टपावर थेंब पडत राहतात. पाऊस मात्र वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, दुकानाच्या आतून, निदान अर्धा मिनिट, कुणी न बोलता. छत्र्या, रेनकोट, गमबूट, भजी, चहा विकणाऱ्यांना याहून चांगलं पार्श्वसंगीत कुणी देऊ शकणार नाही. मागे हा आवाज हळू ठेवून पुढे मालकाचं बोलणं ठेवलं, की जाहिरात मुळशीची आहे हे पाटी न दाखवताही कळतं.

ढोलाबद्दल दोघांनी विचारलं आहे. आपल्याकडचा गावचा ढोल मलाही जिवापाड आवडतो. पण फोनचा स्पीकर इवलासा, त्यातून खोल ठोके येतच नाहीत. उरतो तो टिपरूचा कडकडाट. जाहिरात ज्या फोनवर बघितली जाणार, त्या साध्या फोनवर ऐकून मगच ठरवा. हेडफोनवर ऐकून ठरवू नका.

एक इशारा देऊन ठेवतो. २०२१च्या दिवाळीत कॅडबरीने शाहरुख खानच्या तोंडून छोट्या दुकानांची नावं यंत्राकरवी बोलवून घेतली. दुकानदाराने नाव भरायचं आणि जाहिरात तयार. त्यात शाहरुखची रीतसर संमती होती. हल्ली कुणाही नटाचा किंवा गायकाचा आवाज काढून देणारी ॲपं फिरतात, त्यांत ती नसते. जुलै २०२४मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाची अशी नक्कल करण्याला मनाई केली. त्या वाटेला जाऊ नका. आणि यंत्राचं मराठी कितीही सफाईदार झालं, तरी 'या की, पाणी घ्या आधी' हे तुमच्या दुकानात जसं म्हटलं जातं तसं त्याला म्हणता येत नाही.

कोळवणच्या वाचकांना उत्तर असं: गाणं काढा. मालकांची दोन वाक्यं खिशात फोन ठेवून पुन्हा घ्या. खाली बियाण्याच्या पिशवीतून दाणे ओतल्याचा आणि बांधावरच्या पाण्याचा आवाज ठेवा. आणि बाकीच्या सगळ्यांना विनंती, की घरात ओव्या येणारी कुणी आजी, आत्या, मावशी असेल तर जाहिरात करायची असो वा नसो, या महिन्यात तिच्याजवळ बसा आणि तिच्या परवानगीने रेकॉर्ड करून ठेवा. फाइलला तिचं नाव, गाव आणि तारीख द्या, आणि एक प्रत फोनबाहेर कुठेतरी जपून ठेवा.