थोरलीचा सबक कोण ऐकणार?

सहरी आटोपून फज्रची नमाज झाली की पौडमधल्या एखाद्या मुस्लिम घरात चटईवर वर्ग भरतो. धाकटा कायद्यातल्या अलिफ-बेवर बोट फिरवतो, मधली तिसावा पारा वाचते, थोरली दोघांचं ऐकते. सगळ्यांना एकच धडा नसतो. ज्याचा त्याने आपला सबक तयार करायचा, ऐकवायचा, मगच पुढे जायचं. ही मकतबची जुनी रीत.

मुळशीच्या डोंगरी वाड्यांतल्या छोट्या शाळांनाही ही कसरत नवी नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार पहिली ते पाचवीत 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक; म्हणजे एकाला दोन-तीन इयत्ता आल्याच. मोठ्यांनी लहानांना शिकवण्याची पद्धत मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी वापरली आणि 1797 मध्ये इंग्लंडमध्ये पुस्तकातून मांडली.

पण यात थोरलीचं काय? यंदा दहावीची परीक्षाही रमजानमध्येच आली आहे. सहरीला अम्मीच्या हाताखाली काम, मग धाकट्यांचा सबक, संध्याकाळी इफ्तारची तयारी. तिचं भूमितीचं पुस्तक मात्र मिटलेलंच. मकतबमध्ये थोरल्या मुलांचा सबक मौलवीसाहेब स्वतः ऐकतात. घरात तिचा कोण ऐकतो?

असरनंतरचा अर्धा तास अब्बांनी तिच्यासाठी राखावा. भूमिती येत नसली तरी प्रमेय पाठ झालं की नाही, हे पुस्तक हातात धरून ऐकता येतं. फळं कापायला भावांनाही बसवावं. रमजानमध्ये उतरलेला पहिला आदेश वाचण्याचा आहे. तो थोरल्या मुलीसाठीही आहे.