गवती चहा : कसा करायचा, कधी प्यायचा आणि लाल गोळीसोबत का नको



सध्या मोबाइलवर रोजमेरीच्या चहाचे व्हिडिओ खूप फिरतायत. केस वाढतात, रक्त वाढतं, थकवा जातो, असं काय काय त्यात सांगतात. बैठकीतही हा प्रश्न येतो, "हा रोजमेरी चहा मागवायचा का?" म्हणून या अंकात चहाबद्दलच बोलू.

रोजमेरी म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या देशांतलं झुडूप. आपल्या तुळस-पुदिन्याच्याच कुळातलं. वास छान असतो, तिकडे स्वयंपाकात वापरतात. पण केसांबाबत जो थोडाफार अभ्यास झाला आहे तो डोक्याला लावायच्या तेलाचा आहे, चहाचा नाही. आणि रक्त वाढण्याचं म्हणाल तर गोष्ट उलटी आहे, ती पुढे सांगते. नुसता सुगंधी, गरम चहा हवा असेल तर न्हाणीच्या पाण्यावर वाढणारा आपला गवती चहा काय वाईट आहे?

गवती चहाने काय होतं, काय होत नाही

गवती चहाच्या पातीत सिट्रल नावाचं सुगंधी तेल असतं. लिंबासारखा वास येतो तो त्याचाच. सर्दीत गरम गरम प्यायलं की घशाला शेक मिळतो, नाक मोकळं वाटतं, पोटात पाणी जातं. गवती चहा नुसता, चहा पावडर न घालता केला तर रात्रीची झोप उडत नाही.

पण हे औषध नाही. ताप दोन दिवसांत उतरला नाही, थंडी वाजून आला, अंगावर पुरळ उठलं किंवा डोळे पिवळे दिसले तर काढ्यावर थांबू नका. आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासा. गरोदर ताईंनी गवती चहाचा कडक काढा रोज पिऊ नये, आधी आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावं.

करायची रीत (४ कप)

- ४ ते ५ ताज्या पाती धुवून घ्या. कडा धारदार असतात, हात सांभाळा. कात्रीने बोटभर तुकडे करा.
- साडेचार कप पाण्यात बोटाच्या पेराएवढं आलं ठेचून घाला आणि उकळी आणा.
- पाती टाकून २-३ मिनिटं मंद आचेवर उकळा. मग गॅस बंद करून ५ मिनिटं झाकण ठेवा. वास वाफेबरोबर उडून जातो, म्हणून झाकण विसरू नका.
- गाळून थोडा गूळ घाला. दूध घालायचं असेल तर गूळ न घालता साखर घाला, कारण गुळाने दूध फाटू शकतं. साखरेचा आजार असलेल्यांनी गूळही टाळावा. गुळानेही साखर वाढतेच.

आता महत्त्वाचं : चहा आणि रक्त

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांमध्ये रक्त कमी आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली (गरोदरपणी ११ च्या खाली) म्हणजे रक्तक्षय. जिना चढताना धाप लागणं, खुरपताना डोळ्यांपुढे अंधारी येणं, हे "कामाचा थकवा" म्हणून सोडून द्यायचं नसतं.

आपण भाकरी, मेथी, मटकी खातो. त्यात लोह असतं. पण जेवणावर लगेच चहा घेतला की चहातला तुरट भाग त्या लोहाला धरून बसतो आणि लोह अंगात मुरत नाही. एका कपाने लोह मुरण्याचं प्रमाण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. फक्त पावडरच्या चहानेच नाही, पुदिन्याच्या चहाने आणि रोजमेरीच्या अर्कानेही लोह अडतं असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणून "हर्बल आहे, चालतो" असं धरून चालू नका. गवती चहालाही तोच नियम लावलेला बरा.

नियम सोपा आहे :

- जेवण आणि चहा, मध्ये किमान एक तास.
- लोहाची लाल गोळी चहासोबत किंवा दुधासोबत घेऊ नका. पाण्यासोबत घ्या, लिंबूपाणी असेल तर उत्तम. गरोदर ताईंनी कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी.
- जेवताना लिंबू पिळा, आवळा किंवा पेरू खा. 'क' जीवनसत्त्वाने लोह चांगलं मुरतं.
- गोळीने शौचास काळं होतं. घाबरू नका. मळमळ होत असेल तर रात्री जेवणानंतर घेऊन बघा, पण परस्पर बंद करू नका.

सकाळी लवकर शेतावर जाणाऱ्या बऱ्याच ताया चहा-भाकरी एकत्रच खातात, हे माहीत आहे. तिथे वेळ पाळणं अवघड आहे. मग चहा उठल्या उठल्या घ्या आणि भाकरी बांधून न्या. तेही जमत नसेल तर निदान दुपारचं आणि रात्रीचं जेवण चहाशिवाय होऊ द्या.

परसात लावा

बी शोधायची गरज नाही. शेजारणीकडून मुळासकट एक ठोंब आणा, वरची पात छाटून पावसाच्या सुरुवातीला लावा. पाणी मिळावं, पण साचू नये. चार-पाच महिन्यांत कापणी सुरू होते. बुडापासून वीतभर सोडून कापा, पुन्हा फुटतो.

पुढच्या बैठकीसाठी काम

गटातल्या प्रत्येकीने दोन गोष्टी सांगायच्या : शेवटचं हिमोग्लोबिन किती होतं, आणि गोळी कशासोबत घेते. ज्यांची तपासणीच झाली नाही त्यांची यादी सचिवताईंनी करून आशाताईंकडे द्यावी. बचतीचा आकडा आपण दर महिन्याला वहीत लिहितो, त्याच वहीत मागच्या पानावर हाही आकडा लिहूया. आणि ज्यांच्या दारात गवती चहा आहे त्यांनी येताना दोन ठोंब घेऊन या!