पेट स्कॅनवर चमकते ते सगळेच कर्करोग नसते

पन्नाशीतला रुग्ण महिनाभराचा खोकला आणि उतरत चाललेले वजन घेऊन येतो. सिटी स्कॅनमध्ये फुप्फुसात गाठ दिसते, पेट स्कॅनवर ती ठळक चमकते आणि अहवाल हाती पडताच घरात रडारड सुरू होते. पुढे गाठीचा तुकडा तपासल्यावर निघतो तो क्षयरोग! आपल्याकडे हे नवलाचे नाही. म्हणूनच पेट स्कॅन नेमके काय दाखवतो, हे समजून घ्यायला हवे.

सिटी स्कॅन प्रामुख्याने अवयवांची रचना दाखवतो, तर पेट स्कॅन पेशींचे कामकाज. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज फार मोठ्या प्रमाणात वापरतात, हे जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवले होते. त्याचाच उपयोग या तपासणीत होतो. ग्लुकोजसारख्या रेणूला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून त्याचे इंजेक्शन देतात. ज्या पेशी तो जास्त ओढून घेतात, त्या चित्रात उजळतात. जोडीला सिटी स्कॅन केल्याने त्यांची नेमकी जागाही कळते.

तपासणीपूर्वी चार ते सहा तास उपाशी राहावे लागते, पाणी चालते. आदल्या दिवशी जड व्यायाम टाळावा. मधुमेहींनी आपली औषधे, विशेषतः इन्सुलिन, केंद्राला आधीच सांगावीत. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचे, कारण हालचाल केली की स्नायूच साखर खेचतात. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. त्यामुळे दिलेली वेळ चुकवली तर मागवलेले औषध वाया जाऊ शकते. तपासणीनंतर काही तास गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांपासून दूर राहावे.

आजार कुठवर पसरला आहे, औषधांचा गुण येतो आहे का, आजार उलटला आहे का, या प्रश्नांसाठी ही तपासणी मोलाची आहे. हॉजकिन लिम्फोमात तर केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांनंतरचा पेट स्कॅन पाहून पुढचे उपचार कमी करायचे की वाढवायचे, हे ठरवता येते.

पण साखर फक्त कर्करोगच खातो असे नाही. मेंदू नेहमीच उजळ दिसतो. औषध लघवीवाटे बाहेर पडत असल्याने मूत्रपिंडे आणि मूत्राशयही चमकतात. क्षयरोग, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रियेची ताजी जखम, रेडिएशननंतरची सूज यांतही पेशी साखर ओढतात. उलट अगदी लहान गाठी किंवा प्रोस्टेटचे बरेच कर्करोग या तपासणीत फारसे उजळत नाहीत. अहवालातला ‘एसयूव्ही’ हा आकडा गाठीने किती औषध ओढले ते सांगतो, गाठ कसली आहे ते नाही.

ते सांगते बायोप्सी. सुई लावली की कर्करोग पसरतो, या समजुतीपोटी अनेकजण ती टाळतात आणि नुसत्या चित्रावर उपचार मागतात. प्रत्यक्षात योग्य पद्धतीने केलेल्या बायोप्सीतून असा प्रसार होणे अत्यंत दुर्मीळ आहे. निदान चुकल्यास मात्र क्षयाच्या रुग्णाचे बरे होण्याचे दिवस हातचे जातात आणि कर्करोगाच्या रुग्णावर भलतेच उपचार होतात. त्यामुळे पेट स्कॅनचा अहवाल आला की पहिला प्रश्न विचारावा: “डॉक्टर, बायोप्सी कुठून घ्यायची?” त्याचे उत्तर शोधायलाही पेट स्कॅनचे तेच चित्र उपयोगी पडते.