शायलॉकच्या कर्जावर व्याज शून्य टक्के

मुद्दल ३,००० डकॅट, मुदत ३ महिने, व्याज शून्य. परतफेड चुकली तर कर्जदाराच्या अंगाचं एक पौंड मांस. शेक्सपियरच्या ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला कर्जरोखा एवढाच. निर्दय सावकार म्हणून ज्याचं नाव जगभर घेतलं जातं, त्या शायलॉकने या व्यवहारात व्याज मागितलेलंच नाही. २० प्रवेशांच्या नाटकात तो येतोही अवघ्या ५ प्रवेशांत.

हे नाटक १५९६-९७च्या सुमाराचं. इंग्लंडने ज्यूंना १२९०मध्येच देशाबाहेर काढलं होतं, त्यामुळे उघडपणे ज्यू म्हणून राहणारा शेजारी त्या प्रेक्षकांना माहीतच नव्हता. व्याज मात्र घरोघरी होतं. खुद्द नाटककाराचे वडील जॉन शेक्सपियर यांच्यावर १५७०मध्ये ८० आणि १०० पौंडांच्या कर्जांवर प्रत्येकी २० पौंड व्याज लावल्याचा आरोप होता. दर निघतो २५ आणि २० टक्के. धंदा ख्रिस्ती माणसेही करत होती, डाग मात्र ज्यूंच्या माथी लागला.

आपल्याकडचा ज्यू तर कोकणातला तेली. मराठी बोलणारे बेने इस्राएल घाणा चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत.

सावकारीचा जाच आपणही सोसला आहे. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले आणि दंगलींत ठिकठिकाणी कर्जरोखे जाळले गेले. त्यानंतर आलेला १८७९चा कायदा इंग्रजी मुलखातल्या शेतकऱ्यांसाठी होता, निजामाच्या औरंगाबादेला तो लागू नव्हता. आज त्याच शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात, २०१४चा सावकारी कायदा चालतो. विनापरवाना सावकारीला ५ वर्षांपर्यंत कैद आहे आणि दामदुपटीचा जुना नियमही कायम आहे: व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये.

हाच नियम व्हेनिसला लावून पाहा. ३,०००चे फार तर ६,००० होतील. भर न्यायालयात कर्जदार अँटोनिओचा मित्र बसानियो नेमके तेवढेच पुढे करतो, आणि शायलॉक नाकारतो. पैशाचा लोभी माणूस दुप्पट रक्कम का सोडेल? अँटोनिओ त्याच्यावर थुंकलेला आहे. मुलगी पेटी घेऊन पळाली आहे. बायको लेआ हिने लग्नाआधी दिलेली फिरोजाची अंगठी त्या मुलीने एका माकडापायी देऊन टाकल्याचं त्याच्या कानावर आलं आहे. त्याचा सूड भयंकरच आहे, पण तो व्याजाच्या वहीतून आलेला नाही.

निकालात त्याची निम्मी मालमत्ता अँटोनिओच्या ताब्यात जाते, पुढे ती मुलीला आणि ख्रिस्ती जावयाला मिळावी म्हणून. त्याने धर्म बदलावा ही अटसुद्धा अँटोनिओच घालतो, म्हणजे ज्याने ते ३,००० डकॅट बिनव्याजी घेतले होते तोच.